बाबांचं घड्याळ आणि दादाचा बाजार

दादाच्या घरात जुनी घड्याळं चाळीस, पण वेळ विचारायची तर वहिनीच्या मोबाइलला. एकही चालू नसायचं. चाललं तर झिजेल, झिजलं तर भाव उतरेल! पांढरे हातमोजे घालून तो एकेक बाहेर काढायचा, फुंकर मारायचा आणि परत कपाटात ठेवायचा. पोटच्या पोरांचं नाक कधी पुसलं नाही या माणसानं.

त्यातलं एकच धाकट्या बहिणीला हवं होतं, बाबांचं. ती जन्मली तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या बाबांनी मनगटावरचं ते घड्याळ काढून टाचणीनं त्याच्या पाठीवर ‘चिमी’ असं कोरलं होतं, वेडंवाकडं. लहानपणी त्या अक्षरांवरून बोट फिरवत ती झोपी जायची. बाबा गेले आणि दादानं “मी सांभाळतो” म्हणत घड्याळ उचललं.

तिनं मागितलं की उत्तर तयार. “आत्ता नको गं, भाव चढतोय.” भाव पडला की, “आता तर मुळीच नको. पडत्या बाजारात कोणी वस्तू हलवतं का?” जशी काही ती विकायलाच मागत होती! वर चार पाहुण्यांत हा नाकानं कांदे सोलायचा, “संग्रह ही साधना असते.” कसली साधना, डोंबल!

मग एका रविवारी त्याचाच फोन आला. “बाबांचं घड्याळ घेऊन जा. तुझ्यापेक्षा का मला बाजार मोठा आहे?” चिमीला भरून आलं. आपण दादाला उगाच नावं ठेवली, असं वाटून ती वाटभर स्वतःवरच चिडत गेली.

दारातच वहिनी कुजबुजली, “व्यापाऱ्यानं परत पाठवलं गं. पॉलिश केलेलं आता कुणी घेत नाही म्हणे.”

दादा आत वैतागून बसला होता. “मागच्या वर्षी लोकांना चकचकीत हवं होतं, म्हणून घासून घेतलं. आता त्याच गाढवांना जुने ओरखडे पाहिजेत! जाऊ दे, तू वापर.”

चिमीनं घड्याळ उलटं केलं. पाठ गुळगुळीत. बोट फिरवलं, ते कुठंच अडलं नाही.

“इथं काहीतरी होतं ना, दादा?”

“ते होय? कुणीतरी खरवडून ठेवलं होतं. त्यानंच तर भाव मार खात होता.”

दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसणारा माणूस, आणि त्याला दोन अक्षरं वाचता आली नव्हती. चिमीला त्याची किळस आली. तिनं घड्याळ टेबलावर ठेवलं.

“ठेव तुझ्या कपाटात. बाजार चढला की विकून टाक.”

“अगं, पण बाबांचं आहे ते!”

“बाबांचं तू घासून टाकलंस.”

ती चपला घालायला वळली. मागं दादा वहिनीला सांगत होता, “हातमोजे न घालता हात लावला बघ हिनं.” आणि फडकं घेऊन तो तिच्या बोटाचा ठसा पुसत होता.