बनूबाईच्या कोपऱ्यातला वास

शलाकाला घाण सहन होत नाही, हे तिच्या लग्नाआधीपासून सगळ्या गोतावळ्याला ठाऊक होतं. दुसऱ्याच्या घरी पाणी प्यायचं तर ती आधी ग्लास उजेडात धरून बघायची. बेसिनच्या जाळीत भाताचं एक शीत दिसलं तरी तिला शिसारी यायची आणि पुढचा घास घशाखाली उतरायचा नाही. अशा बाईच्या घरात वास सुटला, आणि तोही मुताचा. आता बोला.

पण वासाच्या आधी जमिनीवर टाकलेल्या शीटचं सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. कुळगावात तळमजल्यावर दोन खोल्यांचं घर. शलाका, तिचा नवरा संतोष आणि सासू बनूबाई. सासरे आण्णा आदल्या वर्षी आतल्या खोलीत, खिडकीखालच्या कोपऱ्यात चार महिने अंथरुणाला खिळून गेले. त्यांच्यामागे बनूबाई त्याच कोपऱ्यात खाट टाकून झोपायला लागली. श्रावणात तिचा पाय गुळगुळीत लादीवरून सटकला. खुबा थोडक्यात वाचला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा पडल्या तर उठायच्या नाहीत, खाली काहीतरी मऊ टाका.

म्हणून नवराबायको रविवारी उल्हासनगरच्या बाजारात गेले. दुकानदार सिंधी, बोलायला गूळ. त्याने विनाइल शीटचे रोल धडाधड उलगडले. एकावर द्राक्षांचे घोस, एकावर संगमरवर, एकावर असले काही तपकिरी खडे की शलाकाला कुणीतरी ओकून ठेवल्यासारखं वाटलं. तिने लाकडाची फिकट पट्टी पसंत केली, म्हणजे मळ लगेच दिसेल आणि लगेच पुसता येईल. संतोषने अंगठा दाबून दाबून खालचा फोम सगळ्यात जाड कुठला ते शोधलं. दुकानदाराने स्टीलचा ग्लास वरून टाकून दाखवला, आवाज म्हणून नाही. अम्मा पडली तरी कळणार नाही, असं तो हसत हसत म्हणाला. वरचं पाणी खाली जाणार नाही आणि खालचं वर येणार नाही, असंही त्याने दोनदा सांगितलं. शलाकाला तेच हवं होतं.

बसवायला अंबरनाथचा प्रीतम आला. माणूस कामाचा चोख. रोल एक दिवस हॉलमध्ये मोकळा पसरून ठेवायला लावला, म्हणजे शीटची गुंडाळी सुटते. दुसऱ्या दिवशी लादी खरवडली, झाडली, ठोकून ठोकून बघितली. खिडकीखालच्या तीन लाद्या पोकळ वाजत होत्या, पण हलत नव्हत्या. जमीन ठणठणीत कोरडी पाहिजे, पाण्याचा हात लावायचा नाही, असं बजावून तो जेवायला गेला.

आणि त्या एका तासात शलाका बाईसाहेबांनी शुद्धी केली.

त्यालाही कारण होतं. आण्णांचं चार महिने सगळं तिनेच काढलं, नाकाला रुमाल बांधून. एक दिवस चुकवला नाही, खोटं कशाला बोला. पण त्या लादीविषयी तिच्या मनात जी किळस बसली, ती कितीही फिनेल ओतलं तरी निघाली नाही. त्यात तिच्या आईने फोनवर सांगितलं, जमीन झाकायच्या आधी गोमूत्र आणि दूध शिंपड गं, नाहीतर मरणाचा दोष घरातच कोंडला जाईल. शिंपड म्हणजे दुर्वांनी चार थेंब, असं कुठलीही शहाणी बाई समजेल. शलाकाने संतोषच्या भावाकडून, चामटोलीच्या चंदरकडून आलेली गोमूत्राची अख्खी बाटली आणि दुधाची अख्खी पिशवी त्या कोपऱ्यात ओतली, आणि हाताने चोळचोळून पसरवली. लाद्यांच्या सांध्यांनी ते गटागटा पिऊन टाकलं.

बनूबाई उंबऱ्याशी खुर्चीत बसून बघत होती. ती म्हणाली, "सुकू दे गो आता दोन दिस."

शलाका म्हणाली, माणूस आज आलाय, परत आठ दिवस फिरकायचा नाही. तिने वरवर कोरडं फडकं फिरवलं, पंखा लावला. प्रीतम जेवून आला, त्याने हात फिरवून बघितला, हाताला काही लागलं नाही. त्याने चिकटवायचं सोल्यूशन फासलं, शीट अंथरली, वरून जड रोलर फिरवला, दारात पट्टी ठोकली. संध्याकाळी खाट पुन्हा खिडकीखाली लागली. बनूबाई अनवाणी चार पावलं चालली आणि गादीवर चालल्यासारखं वाटतं म्हणून हसली.

पंधरा दिवस सुखाचे गेले. सोळाव्या दिवशी सकाळी शलाका चहा घेऊन आत गेली आणि दारातच तिने पदर नाकाला लावला. आंबूस, कोंदट, जुन्या मुताचा वास. खाटेच्या बाजूला जास्तच. तिने सासूकडे बघितलं. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, गुडघ्यांनी अधू, रात्री उठायला त्रास. आणखी कुणाकडे बघणार होती ती? आपण काय ओतलं होतं ते तिला आठवलंसुद्धा नाही. पवित्र म्हणून ओतलेल्या गोष्टीला घाण वास येईल हे तिच्या डोक्यातच शिरलं नाही. असली डोकी असतात.

त्या दिवसापासून बनूबाईचे हाल सुरू झाले. गादीवर रबर आलं. मग डायपर आले. बनूबाईने आधी नको म्हटलं, मग गप घालून घेतले. ते सकाळी कोरडे निघायचे, तरी वास होताच, तेव्हा शलाकाने ठरवलं की म्हातारी रात्री काढते आणि पहाटे पुन्हा घालते. ती रोज लुगड्याचा काठ दोन बोटांत धरून हुंगायची आणि तोंड फिरवायची. म्हातारीचं ताट वेगळं झालं, तांब्या वेगळा झाला. तांब्या दिवसभर भरलेलाच राहायचा, हे दिसत होतं, पण त्याचा विचार कुणी केला नाही. संतोष अंबरनाथच्या कारखान्यातून आला की हॉलमध्येच बसायचा. आईच्या खोलीत तो दारातून डोकवायचा, श्वास धरून. लाज वाटायला हवी होती, पण नाक बंद केलं की माणसाला बाकीचं काही सुचत नाही.

एकदा शलाका स्पष्ट बोलली. "आई, झालं असेल तर झालं म्हणायचं. लपवायचं नाही. मला किळस येते."

"मना काय झाला नाय गो," बनूबाई म्हणाली. पुन्हा म्हणून ती त्यावर बोलली नाही.

दिवाळीत शेजारची करिष्मा फराळाला आली आणि चकलीचा तुकडा तोंडात असताना तिने ओढणी नाकाला लावली. शलाकाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. भाऊबीज उलटली तशी बनूबाईची रवानगी चामटोलीला, चंदरकडे झाली. थोडे दिवस हवापालट, असं संतोष म्हणाला. किती दिवस ते तोही बोलला नाही आणि म्हातारीनेही विचारलं नाही. तिने आपली दोन लुगडी पिशवीत भरली आणि रिक्षात बसली.

ती गेल्यावर शलाकाने गादी फेकली. खाट भंगारात दिली. खिडक्या चार दिवस उघड्या टाकल्या. वास गेला नाही, वाढला. आता त्याला नासक्या दुधाची आंबट धार आली होती. शलाकाला जेवण जाईना. तिचं तिलाच वाटायला लागलं की वास आपल्या केसांना येतो, कपड्यांना येतो. त्यातच खिडकीखाली शीटला फुगा आला. पाय पडला की खालून पचपच आवाज व्हायचा. तिने प्रीतमला बोलावलं.

त्याने कोपऱ्याला सुरी घातली आणि शीट वर ओढली. आतला भपकारा आला तसा तो गडी माणूस उठून दारापर्यंत मागे सरला. खाली काळंहिरवं बुळबुळीत, फोम कुजून त्याचे लगदे लादीला चिकटलेले, त्यात पिवळ्या दुधाच्या गुठळ्या आणि गुठळ्यांत पांढऱ्या बारीक अळ्या. शलाकाने तोंडावर हात दाबला.

प्रीतमने नाक धरूनच विचारलं, "वहिनी, याच्याखाली काय ओतलं होतं?"

तेव्हा तिला आठवलं. बाटली आठवली, पिशवी आठवली, उंबऱ्याशी बसलेली म्हातारी आठवली. ती मोरीत गेली आणि भडाभडा ओकली. ही ओकारी अळ्यांची नव्हती. दोन बोटांत धरलेला लुगड्याचा काठ तिला आठवत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःची किळस आली.

प्रीतम शीट गुंडाळून बाहेर टाकत होता तोवर ती रिक्षा करून चामटोलीला निघालीसुद्धा. वाटेत तिने काय बोलायचं ते दहादा घोकलं. चंदरच्या दारात त्याची बायको जिज्ञासा भेटली. ती शलाकावर जरा चिडूनच बोलली. आई आल्या त्या दिवशी चक्कर येऊन पडल्या. अंगात पाणीच नाही असं डॉक्टर म्हणाला. दिवसाला अर्धा पेला पितात, तोही सकाळी. विचारलं तर सांगतात, सवय झाली. कसली सवय लावलीत ताई?

आई कुठे आहेत, एवढंच शलाकाने विचारलं. जिज्ञासाने गोठ्याकडे बोट दाखवलं.

बनूबाई गोठ्याला लागून असलेल्या पडवीत बसली होती. घर सोडून तिथेच अंथरूण टाकायचा तिने हट्ट धरला होता. खाली शेणाने सारवलेली जमीन, दोन हातांवर गाय, मधूनमधून शेपटीचा फटकारा. एरवी शलाका अशा जागी पदर नाकाला लावून उभी राहिली असती. आज ती थेट खाली बसली.

"आई, वास तुमचा नव्हता," ती म्हणाली. "मी ओतलं होतं ना, ते दूध आणि गोमूत्र, ते खाली कुजलं. तुम्ही सुकू दे म्हणाला होतात. चूक माझी. घरी चला."

 बनूबाई म्हणाली, "मना ठावं होता. पयल्या दिवशीच ठावं होता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तं तू म्हनली असतीस, म्हातारी आपली घान दुसऱ्यावर ढकलते. मंग तू रोज हुंगायचीस, म्हनून मी पन हुंगाया लागले. तू गेलीस का काठ नाकाला लावायची. पयलं काय येत नव्हता. मंग यायला लागला."

शलाकाने पुढे होऊन तिच्या खांद्यावरचा पदर दोन्ही हातांनी ओंजळीत घेतला आणि तोंड झाकेल इतका नाकाशी धरला. साबण, मिश्री, थोडा चुलीचा धूर. बाकी काही नाही. काही येत नाही आई, शपथ, ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. जिज्ञासाने पाण्याचा तांब्या आणून मध्ये ठेवला. शलाकाने पेला भरून तिच्या ओठांशी नेला, तर म्हातारीने ओठ ओले केले आणि पेला हळूच बाजूला सारला.

बनूबाईने तिचा हातही बाजूला केला, रागाने नाही, पोरीची समजूत काढावी तसा.

"तू चांगली हायस, म्हनून बोलतेस," ती म्हणाली. "पन मना इथंच ऱ्हाऊ दे. इथं शेनाचा वास हाय. त्येच्यात माझा कोनाला कलत नाय."