इक्वोचा आतला फोटो

मित्रांनो, मी एक जुना सीटी स्कॅनर आहे. मधोमध भोक असलेला, खोलीभर फुगलेला वडा डोळ्यांसमोर आणा, तो मी. माझ्या भोकातून माणूस सरकला की त्याच्या आत चरबी किती, स्नायू किती, पाणी किती, हे मी चकत्या पाडून दाखवत असे. सुरीशिवाय.

माझा जन्म एका थंड देशातला. तिथे ‘चरबी निघाली’ म्हटलं की लोक रडत. उतारवयात मला नायजेरियातल्या कालाबारला धाडलं, तर इथे ‘चरबी नाही’ म्हटलं की रडत. माणूस आतून पाहूनही मला कळला नाही, तो असा.

दिवस मात्र बरे होते. डॉक्टर असुक्वो रोज सकाळी मला स्वतः पुसत. एकदा त्यांच्याकडे एकानेम आत्या आली, भाची इक्वोला घेऊन. इक्वो नुकतीच खोलीतून बाहेर आली होती. इकडे लग्नाआधी मुलीला महिनोन्महिने खोलीत बसवतात, तेल चोळतात, खाऊपिऊ घालतात, काडी हलवू देत नाहीत. ती भरली की घराण्याची मान ताठ.

“डॉक्टर, हिचा आतला फोटो काढा,” आत्या म्हणाली. “सासरचे म्हणतात, आम्ही पोरीला नुसती उकडलेली केळी घातली. चरबी दिसू दे मेल्यांना! चौकट करून मांडवात लावते.”

“आत्या, मला चपला होत नाहीत गं,” इक्वो हळूच म्हणाली.

“होतील कशा? खाल्लेलं अंगी लागतंय!”

इक्वो माझ्यातून सरकली. चरबी बेताची. स्नायू वाळक्या शेंगेसारखे. आणि पाणी जिकडेतिकडे: पोटात, फुप्फुसांभोवती, कातडीखाली. मूत्रपिंडं आक्रसलेली.

“आत्या, ही चरबी नाही, पाणी आहे,” डॉक्टर म्हणाले. “हिची मूत्रपिंडं थकलीत. आजच दाखल करा.”

“पाणी नारळातही असतं. त्याला कुणी दाखल करतं का?”

“निदान लग्न तरी पुढे ढकला.”

“आणि तोवर पोर वाळली म्हणजे? तुमच्या या परक्या यंत्राला भरलेली मुलगी बघवत नाही. फोटो द्या इकडे!”

इक्वो तिच्यामागून गेली. चपला हातात होत्या.

फोटो मांडवात लागला म्हणे. पाण्यावर बोट ठेवून आत्या ‘ही चरबी’ म्हणून दाखवत होती आणि वऱ्हाडी वाहवा करत होते. माझं एवढं कौतुक आयुष्यात कधी झालं नव्हतं.

पुढे इक्वो परत आली ती धापा टाकत, खुर्चीत बसवून. तोवर माझी क्ष-किरणांची नळी जळाली होती. नवी मागवावी हे सगळ्यांना मान्य होतं. मागवली कुणीच नाही. पाणी किती वाढलं, ते मी सांगू शकलो नाही. सांगायची गरजही उरली नव्हती. इक्वो वाचली नाही.

आता डॉक्टर निवृत्त झालेत आणि इस्पितळातले लोक माझ्यावर चादरी वाळत घालतात. आत्या अधूनमधून येते, ती चौकट मांडीवर घेऊन माझ्याजवळ बसते. एकदा तिने विचारलं, “यात ती कुठे आहे रे?” मला तोंड नाही.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण कुणी भरलेलं दिसलं, तर कशाने भरलंय ते आधी विचारा. आणि एखादी पोर म्हणाली की चपला होत नाहीत, तर यंत्राची वाट पाहू नका. खाली वाकून तिचे पाय बघा.