परवडेल असं पिस्तूल

"सरकतच नाही हे," येरानुही म्हणाली.

"अंगठ्यानं नका ओढू. अख्ख्या मुठीत धरा आणि मागं खेचा."

तिनं दात आवळून पुन्हा खेचलं. पिस्तुलाचा वरचा भाग बोटभर मागं गेला आणि तिथंच हटून बसला. उजव्या हाताच्या तीन बोटांचे सांधे सुजून गाठाळले होते. अठ्ठावीस वर्षं अमेरिकेतल्या रसीन शहरातल्या एकाच लाँड्रीत तिनं वाफेच्या इस्त्रीचं झाकण दाबलं होतं, हात आणखी कसे असणार! काउंटरमागच्या गॉर्डीनं पिस्तूल हलकेच काढून घेतलं.

"हे ब्राझीलचं. पण स्प्रिंग कडक आहे. मघाचं आपल्याकडचं बघितलंत, ते जमत होतं की तुम्हाला."

"ते पाचशेच्या वर आहे."

"ते आहेच," गॉर्डी म्हणाला. साठी उलटलेला, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला माणूस. बंदुका विकतो की होमिओपॅथीच्या गोळ्या, असा प्रश्न पडावा इतका हळू बोलायचा. त्यानं खालच्या कपाटातून तिसरं पिस्तूल काढलं आणि हिरव्या कापडावर ठेवलं. "दोनशे एकोणऐंशी. हे धरून बघा."

तिनं धरलं. मूठ हाताच्या मापाची निघाली. वरचा भाग स्वयंपाकघरातल्या खणासारखा अलगद मागं आला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा कुठलीतरी गोष्ट तिच्या मनासारखी झाली होती. तिनं ते समोर धरलं, भिंतीवरच्या हरणाच्या शिंगांकडं रोखलं. हात थरथरला नाही.

"हे चालेल," ती म्हणाली. "कुठलं आहे?"

"तुर्कस्तानचं."

तिनं ते कापडावर ठेवलं आणि हात कोटाला पुसला.

"काय झालं? अर्धं दुकान तिकडच्या मालानं भरलंय आता. माल चांगला देतात हो. तुर्कस्तानचं एवढं काय वाकडं आहे?"

"माझ्या आजीला विचारा."

"कुठं असतात त्या?"

"वारली. सदुसष्ट साली."

गॉर्डीनं चष्मा डोळ्यांवर चढवून तिच्याकडं नीट पाहिलं. "बाई, तुम्हाला हे कशासाठी हवंय?"

"घरात एकटी असते मी."

हे खोटं नव्हतं. मुलगा निशान गेल्यापासून ती एकटीच होती.

निशान छतं घालायचा. चौतिसाव्या वर्षी, ऑक्टोबरातल्या एका स्वच्छ सकाळी, तो एका गोदामाच्या छतावरून खाली सिमेंटवर पडला. त्याच्या तीन दिवस आधी जेवताना तो सहज बोलून गेला होता, "आई, चौघांत एकच पट्टा आहे गं. ज्याला जास्त भीती वाटेल त्यानं बांधायचा." आणि हसला होता. कंपनी ग्लेन हॅल्स्ट्रॉमची. चौकशी झाली. हॅल्स्ट्रॉमनं लेखी जबाब दिला : 'प्रत्येक कामगाराला सुरक्षेचा पट्टा दिला होता. निक कास्परियन याने तो स्वतःच्या मर्जीने काढून ठेवला.' दुसऱ्या एका कामगारानंही तेच लिहून दिलं. कामगाराचीच चूक ठरली, दंड निम्म्यावर आला. वसंतात हॅल्स्ट्रॉमनं नवा ट्रक घेतला. लाल.

तो ट्रक रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी लाँड्रीवरून जायचा. येरानुही काचेच्या आतून बघायची. त्याची मान तिला पाठ झाली होती. कानामागून कॉलरपर्यंतची गुलाबी, जाड मान. इस्त्रीचं झाकण खाली आलं की वाफेचा फुत्कार व्हायचा आणि तिच्या मनात दरवेळी ती मान त्या झाकणाखाली असायची. पुढं पुढं तेवढ्यानं भागेना. त्याला मरताना कळलं पाहिजे, कुणी मारलं ते. समोर उभं राहून मारायचं, त्यासाठी पिस्तूल हवं. हे सगळं तिनं शांतपणे ठरवलं होतं, जसं कुणी नवं शिवणयंत्र घ्यायचं ठरवतं.

आणि आता ते तुर्कस्तानचं निघालं!

घरात आजीचा नियम होता. तुर्की अंजीर नाही, तुर्की जर्दाळू नाही, तिकडचा साबण नाही, टॉवेल नाही. दुकानात वस्तू उलटी करून तळाची अक्षरं वाचायची सवय येरानुहीला लिहायला शिकायच्या आधी लागली होती. एकोणीसशे पंधरा साली तुर्कांनी आर्मेनियन लोकांची कत्तल केली, तेव्हा आजी सगळ्या घरादाराची प्रेतं मागं टाकून वाळवंटातून चालत आली होती. तिच्या नातीनं त्यांच्या कारखान्याला दोनशे एकोणऐंशी डॉलर द्यायचे?

रविवारी प्रार्थना संपल्यावर चर्चच्या तळघरात नेहमीप्रमाणे कॉफी होती. होव्सेप काका कोपऱ्यातल्या खुर्चीत वेणीसारखा वळलेल्या गोड पावाचा तुकडा कॉफीत बुडवत बसले होते. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, कान शाबूत, दात एकही नाही. येरानुही खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली.

"काका, एक विचारायचंय. तुर्की वस्तू घ्यावी का?"

"कसली वस्तू? अंजीर असतील तर घेऊ नकोस. आत किडे असतात."

"अंजीर नाही. यंत्र आहे. हातात धरायचं."

"केस वाळवायचं?"

"तसंच काहीतरी. इतर देशांचं मला परवडत नाही, किंवा हाताला झेपत नाही. हे अगदी माझ्यासाठीच केल्यासारखं आहे."

"मग अडचण काय?"

"तुम्हीच विचारता हे? तुमच्या आईनं तर तुर्की गालिचा भेट आला म्हणून अंगणात जाळला होता!"

"जाळला. थंडीत आम्ही पाचजण उघड्या फरशीवर झोपलो." काकांनी पाव चघळला. "माझ्या आईच्या वडिलांना ज्यानं मारलं तो त्यांच्याच गावचा. घोड्यांची जीनं करणारा. रेशित. आई रोज झोपताना त्याचं नाव घ्यायची. शाप द्यायची, त्याच्या हातांना, डोळ्यांना, बायकोच्या पोटाला. आम्ही पोरं पलीकडं पडून ऐकायचो. रेशित, जीनगर, डाव्या गालावर चट्टा. आजही डोळे मिटले की दिसतो मला."

"मग? मिळाली का त्याला शिक्षा?"

"कशी मिळणार? तो तिथं, आई इथं. मेला असेल बिछान्यात, नातवंडांच्या गराड्यात." काकांनी पाव पुन्हा कॉफीत बुडवला. "गंमत सांगू, येरान? माझ्या आजोबांचं नाव काय होतं, मला माहीत नाही. आईनं कधी घेतलंच नाही. घेतलं असेल, पण मी ऐकलं नाही. मारणाऱ्याचं नाव मला ठाऊक, त्याच्या गालावरचा चट्टा ठाऊक. ज्यांना मारलं ते कोण, विचारू नकोस."

येरानुहीनं कॉफीचा कप बशीत ठेवला. तिला एकदम राग आला. म्हाताऱ्यावर, त्याच्या आईवर, त्या अर्धवट चघळलेल्या पावावर.

"म्हणजे सोडून द्यायचं?"

"मी कुठं म्हटलं? तू केस वाळवायच्या यंत्राचं विचारत होतीस ना?" त्यांनी तिच्या सुजलेल्या बोटांवर आपला हात ठेवला. "पण पोरी, जे घेशील ते कुठं बनलंय ते खाली लिहिलेलं असतं. कुठं नेणार आहे ते लिहिलेलं नसतं."

सोमवारी ती दिवसभर झाकण दाबत राहिली. निशानचा चेहरा डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न केला, तर दर मिनिटाला मध्ये ती गुलाबी मान. संध्याकाळपर्यंत तिनं स्वतःची समजूत घातली : आमच्या लोकांवर त्यांचं लोखंड फार चाललं. एकदा आमच्या बाजूनं चालू दे. आजीला स्वर्गात हे पटेल. न पटलं तर मी वर गेल्यावर भांडेन.

मंगळवारी तिनं सुट्टी घेतली आणि सकाळी दुकानात गेली.

"ते तुर्की द्या," ती म्हणाली.

"आजी राजी झाल्या वाटतं," गॉर्डी हसला. त्यानं पिस्तूल काढलं, तिचं ओळखपत्र घेतलं आणि फॉर्म पुढं केला. "सावकाश भरा. सगळे प्रश्न वाचा. मग मी फोन करून तपासणी करतो, बस्स."

नाव, पत्ता, जन्मतारीख. कधी तुरुंगात गेला होतात का? नाही. नशा करता का? नाही. वेडाच्या इस्पितळात होतात का? नाही. ती भराभर खुणा करत गेली. मग एक लांबलचक प्रश्न आला. तिनं तो दोनदा वाचला. त्याचा अर्थ एवढाच होता, की या शस्त्रानं गुन्हा करण्याचा तुमचा विचार आहे का?

पेन 'नाही'च्या चौकटीवर आलं. तिची नजर खाली गेली. तळाशी छापलं होतं : 'वरील माहिती खरी व पूर्ण आहे, असे मी शपथपूर्वक सांगतो/सांगते.' खाली सहीची रेघ.

हॅल्स्ट्रॉमच्या जबाबाच्या तळाशीही शपथेचं असंच एक वाक्य होतं. त्याची प्रत तिनं इतक्यांदा वाचली होती, की कागद घड्यांवर फाटला होता. त्या वाक्याखाली त्यानं झोकात सही ठोकली होती, शेवटी एक लांब शेपटी काढून. निशान पडला, ते एक. पण तो पडल्यावर त्याला मूर्ख ठरवलं, खोटं ठरवलं, त्याचं नावसुद्धा धड लिहिलं नाही, ते त्या सहीनं. इतके महिने तिला जाळत होती ती ही सही.

माणूस मारायची तिची तयारी होती. त्या वाक्याखाली खोटी सही करायची मात्र हाताची तयारी होईना. तिनं पेन दोनदा टेकवलं, दोनदा उचललं. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. शेवटी तिनं 'हो'च्या चौकटीत स्वच्छ खूण केली, पूर्ण नावानं सही केली आणि फॉर्म पुढं सरकवला.

गॉर्डीनं वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"बाई, ही खूण चुकून झाली का?"

"नाही."

"कुणाला... नको, सांगू नका मला."

"ग्लेन हॅल्स्ट्रॉम. माझ्या मुलाला पट्टा दिला म्हणून ज्यानं खोटं लिहून दिलं. माझ्या मुलाचं नाव निशान. निक नाही."

गॉर्डीनं पिस्तूल उचललं, कपाटात ठेवलं, किल्ली फिरवली. त्याचे कान लाल झाले होते. "माझं छत त्यानंच घातलंय," तो पुटपुटला. मग म्हणाला, "मला हे पोलिसांना कळवावं लागेल."

"कळवा. मीही कळवायलाच चाललेय. त्याला."

हॅल्स्ट्रॉमचं ऑफिस त्याच्या घरालाच लागून होतं, तळ्याकडं उतरणाऱ्या रस्त्यावर. लाल ट्रक दारातच उभा होता. येरानुहीनं गाडी समोरच्या बाजूला लावली, रस्ता ओलांडला आणि घंटी दाबली. त्यानंच दार उघडलं. हातात अर्धं सँडविच. समोरून तो तिला वाटला होता त्यापेक्षा म्हातारा दिसत होता.

"मिसेस कास्परियन," तो म्हणाला. "हे बघा, वकिलानं सांगितलंय की मी तुमच्याशी..."

"दोन मिनिटं. मी आज सकाळी तुम्हाला मारायला पिस्तूल घ्यायला गेले होते."

त्याचं चघळणं थांबलं. नजर तिच्या पर्सवर गेली.

"नाही माझ्याकडं. मिळालं नाही. म्हणजे मिळत होतं. स्वस्त होतं, हाताला बसत होतं. पण कागदावर खोटं लिहावं लागत होतं. ते मला जमलं नाही. तुम्हाला जमलं."

"ही धमकी आहे का?"

"नाही. धमकी पुढच्या गोष्टीची असते. मी झालेलं सांगतेय."

"मी पोलिसांना बोलावीन."

"ते येतीलच. दुकानदार फोन करतोय. आले की त्यांना पुन्हा सांगा पट्ट्याचं. तोंडावर सांगा, मला ऐकायचंय." तिचा आवाज चढला नव्हता. "चौघांत एक पट्टा होता. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. त्याचं नाव काय होतं, सांगा."

"निक."

"निशान."

सँडविचमधून पातळ काकडीची चकती उंबरठ्यावर पडली.

"निशान," ती म्हणाली. "म्हणा."

त्यानं दार लावून घेतलं. आतून साखळी सरकल्याचा आवाज आला, मग दुसऱ्या कडीचा.

ती गाडीत येऊन बसली. किल्ली तिनं लावली नाही. समोरच्या खिडकीत पडद्याच्या कडेला चार बोटं दिसली. तो बघत होता. मनातला राग तसूभरही कमी झाला नव्हता. मात्र पोटात भूक होती, खरीखुरी, कडकडून.

रस्ता सरकारी होता, पोलीस येईपर्यंत तिला तिथून कुणी उठवू शकत नव्हतं. तिनं काच खाली केली, मागच्या सीटवरचा डबा घेतला आणि मांडीवर रुमाल पसरला. गव्हाच्या दलियाचा भात, भाजलेली वांगी, कोबीचं लोणचं. तिनं पहिला घास घेतला आणि खिडकीकडं बघत सावकाश चावला. पडदा हलला. तिनं लोणच्याची फोड उचलली.