माझा मोठा आवाज

मी एक जुना टेलिफोन आहे. या घरातल्या आत्याचे लग्न झाले, त्या वर्षी मी इथे आलो. माझ्या अंगावर एक बटण आहे. ते दाबले की पलीकडचा आवाज साऱ्या खोलीला ऐकू येतो. आजोबांना कमी ऐकू यायचे, म्हणून हे बटण सर्वांचे लाडके झाले. मीही फुशारून गेलो.

मित्रांनो, या घरात एक नात होती. तिला सगळे चिऊ म्हणत. चौदाव्या वर्षी तिला मधुमेह निघाला. ती दवाखान्यातून घरी आली आणि दर दुसऱ्या सोमवारी चार वाजता डॉक्टरीणबाई माझ्यावरून तिची विचारपूस करू लागल्या. सगळे घर माझ्याभोवती गोळा होई. आजोबा आपल्या गुडघ्यांचे रडगाणे लावत. "आजोबा, फोनवरून गुडघा कसा तपासू?" म्हणून बाई हसत. आई वहीतले साखरेचे आकडे वाची. चिऊला काही विचारले, की तिच्याआधी आईच सांगे, "छान आहे हो ती."

ते आकडे खोटे होते. चिऊ ते मनानेच वहीत लिहून ठेवी. टोचून टोचून चिऊ कंटाळली होती. निम्मी इंजेक्शने ती घेतच नव्हती. हे तिने एका मैत्रिणीला माझ्यावरूनच हळूच सांगितले होते, म्हणून मला ठाऊक.

एका सोमवारी पहिल्याच घंटेला तिने रिसीव्हर उचलून कानाशी घट्ट धरला.

"डॉक्टर, मी इंजेक्शन..." एवढेच ती कुजबुजली. तेवढ्यात आजोबांनी हात लांबवून बटण दाबले.

"आम्हालाही ऐकू दे की गं."

आणि मी खोलीभर मोठ्याने म्हणालो, "इंजेक्शनचं काय, बाळा?"

सगळे तिच्याकडे पाहू लागले.

"काही नाही. संपत आलीत."

"एवढंच ना? आणतो की," बाबा म्हणाले. मग गुडघ्यांचा विषय निघाला.

बाबांनी नवी इंजेक्शने आणून फ्रीजमध्ये ठेवली. जुनी मागे तशीच होती. कोणी पाहिले नाही.

आजोबांनी बटण दाबले त्या क्षणी माझी एखादी तार तुटायला हवी होती. तुटली नाही. इतकी वर्षे कधी बिघडलो नाही, याचे माझे कौतुक होई. आज त्याचीच लाज वाटते.

तीन आठवड्यांनी दवाखान्यातून बाबांचा फोन आला. आजोबांनी सवयीने बटण दाबले. त्यानंतर ते कोणी दाबलेले नाही.

मित्रांनो, डॉक्टरांचा फोन तुमच्यासाठी आला, तर घरच्यांना खुशाल सांगा, जरा बाहेर थांबा. आणि खरे ते बोला. घरातल्या मोठ्यांनो, तुम्ही खरेच बाहेर थांबा.

आमची चिऊ आत्याच्या लग्नानंतर सहाव्या वर्षी, सहामाही परीक्षेच्या आठवड्यात, बुधवारी सकाळी दहा वाजता दवाखान्यात वारली. पंधरावे वर्ष पूर्ण व्हायला नऊ दिवस होते.