थोडक्यात

कुसुमताईंनी कागदावरच्या तिसऱ्या ओळीखाली लाल रेघ मारली, चष्मा कपाळावर सरकवला आणि ती ओळ मोठ्याने वाचली.

"'जोखीमपूर्ण लैंगिक वर्तनात सहभागी झालेल्या व्यक्तींनी बहात्तर तासांच्या आत एचआयव्ही-प्रतिबंधात्मक औषधोपचाराचा अवलंब करावा.' अरे निरंजन, हे वाचून समजेपर्यंतच बहात्तर तास संपतील."

निरंजन हसला. "वरून असंच छापून येतं, बाई. म्हणून तर तुम्हाला आणलं."

काळेवाडीतल्या पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या होत्या त्या. खाली दळण चालू झालं की वरची फरशी पायांना गुदगुल्या करायची. निरंजन सहा दिवस चाकणच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. रविवारी सकाळी तो आणि त्याचे मित्र या खोल्या उघडत. पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष इथे येत. तपासणी कुठे करायची, कुठली गोळी रोज घ्यायची, नशेच्या पार्टीला गेलंच तर स्वतःला कसं सांभाळायचं, हे विचारायला. महिन्यापूर्वी हा जुना विद्यार्थी मंडईत भेटला तेव्हा त्याने हे सगळं सांगितलं होतं, आणि शेजारी मेथी निवडणाऱ्या धनेशकडे बोट करून "आम्ही एकत्र राहतो" हेही. कुसुमताई नुसत्या "बरं" म्हणाल्या होत्या. दोन दिवसांनी त्यांनीच फोन केला: कागद कधी तपासायचा?

"मग कसं लिहू?" निरंजनने विचारलं.

"समोर बसलेल्या मुलाशी बोलतोस तसं. 'चूक झाली असं वाटलं, तर घाबरू नकोस. तीन दिवसांच्या आत ये.'"

"सगळं ठेवू, बाई. फक्त 'चूक' नको. तो शब्द दिसला की माणूस कागद उलटा ठेवतो."

कुसुमताईंनी ते वाक्य बोलता बोलता समासात लिहिलंही होतं. छत्तीस वर्षं त्यांनी त्या एका शब्दावर शाळा चालवली होती. मग त्यांनी 'चूक झाली असं वाटलं' एवढं खोडलं आणि वर लिहिलं, 'कंडोम फाटला, किंवा नशेत काय झालं ते आठवत नाही'.

"असं?"

"असं," निरंजन म्हणाला.

धनेश चहा घेऊन आला. ताथवड्याच्या जुन्या घरातला. जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या तरी बोली तशीच राहिली होती. "बाई, बगा बरं साखर. कमी वाटली तर सांगा, लाल रेघ नका मारू."

खिडकीशेजारी खिळ्याला सुतळीने एक जाड वही टांगली होती. पुठ्ठ्यावर ठसठशीत अक्षरात एकच शब्द: थोडक्यात.

"हे काय, पेपरातलं? 'थोडक्यात उत्तरे लिहा'?"

"'थोडक्यात वाचलो' मधलं," निरंजन म्हणाला. "कंपनीत आम्ही अशी वही ठेवतो. हातमोजा मशीनमध्ये गेला, पण हात वाचला, की ते लिहायचं. नाव घालायचं नाही. आणि लिहिणाऱ्याला कुणी रागवायचं नाही, हा पहिला नियम. रागावलं की दुसऱ्या दिवसापासून वही कोरी. मग एक दिवस बोटच जातं."

कुसुमताईंनी मधलंच एक पान उघडलं. दोन रकाने होते. 'काय घडलं' आणि 'पुढच्या वेळी काय करता येईल'. कुणीतरी लिहिलं होतं: 'पार्टीत पावडर घेतली. दोन दिवस झोप नाही. काय झालं ते आटवत नाही.' समोर: 'आपला एक मित्र तरी शुद्धीवर पाहिजे.' खाली दुसऱ्या हाताचं: 'भीतीने सहा महिने तपासणी केली नाही. शेवटी केली. सिफिलीस निघाला. इंजेक्शन घेतलं, बरा झालो.' समोर: 'दर तीन महिन्यांनी जायचं. भीती बसते तशी उठते पण.'

'आटवत'वर त्यांच्या पेनाचं टोक आपोआप आलं. क्षणभर तिथेच राहिलं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि दारात एक पंचविशीचा माणूस उभा राहिला. डोळे तारवटलेले, गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राची निळी दोरी, तीही उलटी. त्याने आधी निरंजनला पाहिलं, मग कुसुमताईंच्या पांढऱ्या अंबाड्याला, आणि एक पाय मागे घेतला.

"दादा, मी नंतर येतो."

"ज्योतीराम ना? फोनवर बोललास तो? ये की, बस."

"नको. घरची मानसं बसलेत, मला ठाव नव्हतं."

"अरे, बाई आहेत माझ्या. कागद तपासायला आल्यात."

ज्योतीराम आत येईना आणि खालीही जाईना. निरंजन जागचा हलला नाही. ज्योतीराम आला त्या मिनिटापासून निरंजनचे डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे दोनदा गेले होते. कुसुमताईंच्या ध्यानात आलं. हा पोरगा आत्ता जिना उतरला तर पुन्हा चढायचा नाही, आणि तो उतरणार होता तो त्यांच्यामुळे.

त्यांनी हात वर नेला आणि उजव्या कानातलं यंत्र काढलं. ते बारीक शिटीसारखं केकाटलं. मग डाव्या कानातलं. दोन्ही बंद करून त्यांनी टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला, त्याच्या बाजूला सरकवली.

"याच्याशिवाय मला ढग गडगडलेले ऐकू येत नाहीत," त्या जरा मोठ्यानेच म्हणाल्या. "मी इथे शुद्धलेखन तपासतेय. तुमचं चालू द्या."

गिरणी नाहीशी झाली. फक्त तळपायांना तिची थरथर राहिली. ज्योतीराम त्या दोन इवल्या यंत्रांकडे बघत राहिला आणि मग हळूच खुर्चीच्या कडेवर टेकला.

कुसुमताईंनी मान कागदावर घातली. पण डोळ्यांना कुठे टोपण असतं?

ज्योतीरामचे ओठ भराभर हलत होते, मग थांबले. त्याने तोंडावरून हात फिरवला. निरंजनने पाण्याचा पेला पुढे केला आणि वाट पाहिली. मान हलवली नाही, भुवई उचलली नाही, घड्याळाकडेही आता पाहिलं नाही. वर्गात पाढा अडलेल्या मुलासमोर कसं गप्प बसावं हे कुसुमताईंना शिकायला दहा वर्षं लागली होती. हा कुठे शिकला?

मग निरंजनने चौकटीच्या वहीचं पान फाडलं. त्यावर बारा-बारा चौकटींच्या सहा ओळी आखल्या, तासाला एक चौकट, आणि पेन्सिल ज्योतीरामच्या हातात दिली.

कुसुमताईंचा हात थबकला. वजाबाकी त्या अशीच शिकवायच्या. उत्तर सांगायचं नाही. चौकटी आखायच्या आणि पेन्सिल मुलाच्या हातात द्यायची.

ज्योतीराम बोटांवर मोजत चौकटी काळ्या करू लागला. शुक्रवारी रात्रीची एक. शनिवारच्या, आडव्या दोन ओळी. पेन्सिल चौकटीबाहेर जात नव्हती. आज सकाळच्या अकरापर्यंत आला तेव्हा तो थांबला. तीन ओळी काळ्या, तीन कोऱ्या. त्याने कोऱ्या ओळींवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि आल्यापासून पहिल्यांदा श्वास पुरा सोडला. धनेशने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली.

निघताना ज्योतीराम टेबलाला वळसा घालून आला. दोन्ही यंत्रं तळहातावर घेऊन, पाखराची पिल्लं धरावीत तशी.

कुसुमताईंनी ती कानात बसवली. गिरणी परत आली.

"माझ्या आज्जीला बी असलीच हायेत, बाई," तो म्हणाला. "घडीघडी हरवती."

"तिला म्हणावं, दोऱ्यात ओवून ठेव. आणि गोळ्या अठ्ठावीस दिवस, एकही चुकवायची नाही. हे मी कागदात वाचलं हं, ऐकलं नाही."

तो हसला. निरंजन त्याला घेऊन सरकारी दवाखान्याकडे गेला. धनेशने खिडकीतून गाडी वळेपर्यंत पाहिलं आणि रिकामे कप गोळा केले.

कुसुमताईंनी खिळ्यावरची वही पुन्हा उतरवली आणि या वेळी पहिल्या पानापासून उघडली. पहिलीच नोंद आठ वर्षांपूर्वीची होती. 'सत्तराव्या तासाला गोळी मिळाली. विचारायला कुणी नव्हतं म्हणून उशीर.' समोर लिहिलं होतं: 'विचारायला जागा पाहिजे.'

नाव नव्हतं. पण 'र'ला डावीकडे झुकणारी ती शेपटी सातवीचं वर्षभर घासूनही त्यांना सरळ करता आली नव्हती.

धनेश कप विसळता विसळता थांबला. "दोन तास राहिले हुते, बाई. मी तवा भेटलोबी नव्हतो त्याला."

कुसुमताईंनी ते पान मिटलं. शेवटची कोरी ओळ शोधली, लाल पेनाचं टोपण काढलं आणि पहिल्या रकान्यात, पूर्वी फळ्यावर काढत तशा अक्षरात लिहिलं:

'२००१. सातवी ब. शाळा सुटल्यावर फळा पुसता पुसता एका मुलाने विचारले, बाई, मी बाकीच्या पोरांसारखा नाही, ते चूक आहे का? मला ऐकू आले नाही असे मी दाखवले. तेव्हा माझे कान चांगले होते.'

मग पेन दुसऱ्या रकान्यावर आलं.

"धनेश, रविवारी किती वाजता उघडता रे?"

"धाला. का वो?"

'दर रविवारी दहाला येणे,' त्यांनी लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत वही उघडीच धरली.

"काय लिवलं, बाई?"

"एक उत्तर राहिलं होतं," कुसुमताई म्हणाल्या. त्यांनी सुतळी खिळ्यात अडकवली. "थोडक्यात लिहिलं."