काचेच्या टाकीतली पिल्लं

बायको गेल्याचं मला लिफ्टच्या खड्ड्यात कळलं. मी लिफ्ट दुरुस्तीची कामं करतो. त्या दिवशी तळमजल्याच्याही खाली उतरून साफसफाई करत होतो. तिथं फोनला रेंज नसते. ती चष्म्याच्या दुकानात नंबरप्रमाणे काचा घासायची. तिथले मालक माझ्या ऑफिसात विचारून स्वतःच शोधत आले. वरून वाकून म्हणाले, "आधी वर या." मी वर येऊन ग्रीसचे हात पुसायला लागलो, तर त्यांनी ते तसेच हातात धरले, तेव्हाच मी समजलो. कामावर बसल्या बसल्या तिचं हृदय बंद पडलं होतं.

माणसं येऊन गेली. मुलगी राहिली आणि मग तिलाही आपल्या घरी परतावं लागलं. जाताना म्हणाली, ती टाकी कुणाला तरी देऊन टाका बाबा, तुम्हाला झेपायचं नाही. मी नको म्हटलं.

टाकी तिची होती. खाऱ्या पाण्याची, बाहेरच्या खोलीची अर्धी भिंत अडवणारी. मी फक्त पाण्याच्या बादल्या उचलायचो. ती म्हणायची, तुम्ही आमचे हमाल. मधल्या दगडावर तिचं मऊ प्रवाळ होतं, चामड्यासारखं, अळंबीच्या आकाराचं. आणलं तेव्हा अंगठ्याएवढा तुकडा होता, आता बशीएवढं झालं होतं. कोपऱ्यात एक ॲनिमोन, फुलासारखं दिसणारं, पण समुद्रातला प्राणीच. त्याच्या बोटांची टोकं फुग्यासारखी गोल. ते मनात येईल तेव्हा जागा बदलायचं. ती म्हणायची, घरजावई आहे, त्याला काही बोलायचं नाही. एक दिवस त्याचे दोन होतील, असंही तिनं सांगून ठेवलं होतं. ही जात अशीच वाढते म्हणे.

म्हणून दगडाच्या फटीत पहिलं छोटं ॲनिमोन दिसलं, तेव्हा मी खुर्ची ओढून समोर बसलो. मग दुसरं दिसलं, पंपाजवळ आणखी काही. ती गेल्यापासून घरात नवीन असं काहीच झालं नव्हतं. मी मुलीला फोन केला, आईच्या ॲनिमोनला पिल्लं झाली म्हटलं. ती रडली. मी बाजारातून कोळंबी आणायचो, नखाएवढे तुकडे करून चिमट्यानं एकेकाला भरवायचो. पिल्लं पटकन धरायची. माझ्या हातून काही जगतंय, याचं बरं वाटायचं.

त्याच सुमारास प्रवाळ मिटलं. घाबरलो नाही. हे प्रवाळ मधूनमधून मिटतं, वरची मेणासारखी साल टाकतं आणि पुन्हा फुलतं, हे तिनंच शिकवलं होतं. नवखी माणसं मेलं समजून काढून टाकतात, म्हणायची. अशा वेळी हात लावायचा नाही, वाट बघायची. मी वाट बघत राहिलो.

शोभेचे मासे विकणारा दुकानदार टाकीच्या मिठाची पिशवी द्यायला आला. तो तिला ताई म्हणायचा, म्हणून मला भावजी. चेष्टा केल्याशिवाय त्याला राहवत नाही. आल्या आल्या म्हणाला, भावजी, काच तर लख्ख ठेवलीय, ताई असती तर पगार वाढवला असता. मी हौसेनं पिल्लं दाखवली. तो वाकून एकेकाला निरखत गेला. मग त्यानं बाही सारून हात पाण्यात घातला आणि एकाला बोट लावलं. ते क्षणात फटीत आत ओढलं गेलं.

"ही ताईच्या ॲनिमोनची नाहीत, भावजी," तो म्हणाला. "टोकं बघा, टोकदार आहेत, सुईसारखी. हे तण आहे. दगडाबरोबर कधीतरी आलं असणार. हीच तुमच्या प्रवाळाला डसतायत."

मी म्हणालो, ते साल टाकतंय.

"साल टाकताना बूड काळं पडत नाही."

बूड काळं पडलं होतं. मी ते पाहिलं होतं.

काढून वेगळ्या भांड्यात ठेवता येतील का, असं मी विचारलं. तो हसला नाही. ती दगडाला चिकटलेली असतात, खरवडली तर राहिलेल्या कणातून पुन्हा उगवतात, म्हणाला. पंप बंद करायचा, दाट कालवलेला चुना सिरिंजनं तोंडावर सोडायचा, एकेकाच्या. तो करून द्यायला तयार होता. मीच करतो म्हटलं. खाऊ मीच घातला होता.

तो गेल्यावर मी चुना कालवला. सुई जवळ आली की ती तोंड उघडायची. चिमटाच आलाय असं त्यांना वाटत असावं. चुना पडला की पांढरी होऊन आक्रसायची. मी थांबून थांबून केलं. मधे एकदा उठून हात धुतले, उगाचच.

प्रवाळाचा सडलेला भाग दुकानदारानं दुसऱ्या दिवशी येऊन धारदार पात्यानं कापला. उरलेला वाटीएवढा आहे. काल त्याच्या एका कडेला बारीक बोटं बाहेर आली होती. मी मुलीला कळवलं. पिल्लांचं विचारलं तिनं. ती तण निघाली, एवढंच सांगितलं.

पंपाच्या मागे त्यातलं एक आहे. सुई तिथं नीट पोचते. त्याला मी कोळंबी देणं बंद केलंय. चुना अजून घातलेला नाही.