न दुखणारा पाय

दिव्या कुंभरे अमेरिकेहून परत आली तेव्हापासून तिची आई दुर्पता रोज एकच काम न चुकता करत होती. पहाटे जंगलात जाऊन मोहफुलं वेचायची, उन्हं तापायच्या आत टोपली घेऊन घरी यायची, चिकट झालेले हात राखेनं घासून धुवायची आणि मग मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल कोमट करून लेकीचा उजवा पाय मांडीवर घ्यायची. घोट्याभोवती अंगठा गोल गोल फिरवत ती विचारायची, "दुखते का वो?"

"थोडंसं," दिव्या म्हणायची आणि भिंतीकडे पाहायची.

पाय दुखत नव्हता. सामन्याच्या दिवशीही दुखत नव्हता. पण हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडाच्या डोंगराखालच्या त्या गावातून आजवर कुणी विमानात बसलं नव्हतं. दिव्या आठवीतच आश्रमशाळेच्या सगळ्या गुरुजींपेक्षा उंच झाली होती. वर्गाच्या फोटोत तिला कायम मागे, तेही गुडघे वाकवून उभं करायचे. शाळांच्या क्रीडास्पर्धेत गोंदियाच्या नीतू मॅडमनी तिला उंच उडी मारताना पाहिलं आणि थेट घर गाठलं. "ही पोरगी मला द्या. इसको मैं बास्केटबॉल सिखाऊंगी," असं त्यांनी इतवारीला, म्हणजे दिव्याच्या बापाला, सांगितलं. इतवारी वनखात्याच्या कामावर मजूर. त्यानं बास्केटबॉल कधी पाहिला नव्हता, पण मॅडमच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाला, "तुमी सांभाळाल ना? मंग न्या."

मॅडमनी सांभाळलं. गोंदियात राहून दिव्या खेळली, जिल्ह्यातून राज्यात गेली, राज्यातून देशाच्या शिबिरात. आणि या वर्षी तिला ते बोलावणं आलं. अमेरिकेत दरवर्षी एक सामना भरतो, एका बाजूला तिथल्या अठरा वर्षांच्या आतल्या निवडक मुली आणि दुसऱ्या बाजूला जगभरातून वेचलेल्या मुलींचा संघ. जगाच्या त्या संघात दिव्याचं नाव होतं. गावानं समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरी चादर ताणली. तिथली संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ, म्हणून त्या दिवशी मोह वेचायलाही कुणी गेलं नाही. सगळं गाव चादरीसमोर बसलं.

तिकडे दिव्याची खोली सेनेगलच्या अवाबरोबर होती. अवाला इंग्रजी अर्धंमुर्धं यायचं, दिव्यालाही तसंच, त्यामुळे दोघींचं छान जमलं. अवा झोपताना गाणं म्हणायची, दिव्याच्या वेण्या घालून द्यायची. सरावात दिव्याचा पाय जरा मुरगळला तेव्हा बर्फाची पिशवी घेऊन तीच धावली. दुसऱ्या दिवशी पाय ठीक झाला.

सामन्यात दिव्याला पहिल्यांदा उतरवलं तेव्हा चेंडू हातात आला आणि तिनं घाबरून तो सरळ समोरच्या संघाच्या मुलीकडे फेकला. थोड्या वेळानं पुन्हा तसंच झालं. वर टांगलेल्या घराएवढ्या पडद्यावर तिचाच चेहरा दिसला, तोंड उघडं पडलेला. कुठेतरी लोक हसले. ते तिलाच हसले की नाही हे कुणास ठाऊक, पण तिच्या कानात ते हसू जाऊन बसलं. कोच मार्गो, पांढऱ्या केसांची बाई, तिला बाहेर घेताना पाठीवर थोपटून म्हणाली, "काही नाही. पुन्हा पाठवीन."

आणि खरंच शेवटी मार्गो तिच्याकडे वळली. सामना बरोबरीत होता. अवा दमून गेली होती, गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेत होती. मार्गो दिव्यासमोर येऊन वाकली. "अवाला जरा दम घेऊ दे. तू जा."

दिव्याला तो पडदा दिसला, समाजमंदिरातली चादर दिसली, चादरीसमोर बसलेली आई दिसली. तिचा हात आपोआप खाली गेला आणि घोटा धरून बसला.

"पाय," ती म्हणाली. "दुखतो."

मार्गोनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "नक्की?"

दिव्यानं मान डोलावली.

अवा तशीच खेळत राहिली. शेवटच्या क्षणी, संघ एका गुणानं मागे पडला असताना, तिला दोन फ्री थ्रो मिळाले. एक आत पडला असता तरी बरोबरी होती, दोन पडले असते तर सामना खिशात. पायांत त्राणच उरलं नव्हतं, दोन्ही चेंडू रिंगच्या अलीकडे पडले. जगाचा संघ एका गुणानं हरला. कपडे बदलायच्या खोलीत अवानं रडत रडत एकेकीची माफी मागितली. दिव्याच्या पुढ्यात आली तेव्हा आधी खाली बसून तिनं तिच्या पायाला हात लावला आणि विचारलं, "फार दुखतंय का?"

गावात मात्र हे कुणी पाहिलं नाही. गावानं एवढंच पाहिलं, की आपल्या पोरीला जेमतेम मैदानात उतरवलं आणि मग शेवटपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. दिव्याचा मोठा भाऊ रूपेश अर्जुनीला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्यानं त्याच दुपारी व्हिडिओ टाकला : 'आमची बहीण आदिवासी आहे म्हणून तिला खेळू दिलं नाही.' व्हिडिओ वणव्यासारखा पसरला. दिव्या परत आली तेव्हा अर्जुनी स्टेशनवर डफ वाजत होते आणि ती लंगडत उतरली. लंगडायचं तिनं ठरवलं नव्हतं. आईला समोर पाहिलं आणि पाय वाकडाच पडला.

घरी तिनं व्हिडिओखालचं वाचलं. मार्गोला लोकांनी काय काय म्हटलं होतं. आणि अवाला तर त्याहून घाण. तिच्या रंगावरून, तिच्या केसांवरून. 'या काळीला दोन बॉल टाकता आले नाही, आमची दिव्या असती तर जिंकलो असतो.' लिहिणाऱ्यांच्या नावांपुढे कोहमारा, सालेकसा, आमगाव अशी आसपासची गावं. सगळी आपलीच माणसं. दिव्यानं फोन पालथा ठेवला. त्या रात्री ती न जेवता ताटावरून उठली, तर आईला वाटलं पाय ठणकत असेल.

मग एके दुपारी नीतू मॅडम गोंदियाहून गाडीनं आल्या. पाणी प्यायल्या आणि दिव्याचा पाय हातात घेतला. घोटा इकडून तिकडून दाबला, पंजा फिरवला. दिव्या "आई गं" म्हणाली, पण चुकीच्या जागी म्हणाली. मॅडमचे हात थांबले. दुर्पता बाजूलाच उभी होती.

"बरा आहे, ताई," मॅडम तिला म्हणाल्या. "तेलानं आराम पडला." मग दिव्याला, "चल, जरा चालून दाखव मला."

आंब्याच्या झाडापर्यंत दोघी गेल्या. तिथं मॅडमनी विचारलं, "कब से ठीक है?"

"सामन्याच्या आधीपासून," दिव्या म्हणाली. पुढचं सगळं तिनं मातीकडे बघत सांगितलं.

मॅडम ओरडतील असं तिला वाटलं होतं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या झाडाच्या बुंध्याला टेकल्या. "मी पेपरवाल्यांना सांगितलं, त्या कोचला माणूस ओळखता येत नाही. माझं नाव घालून छापलंय, दिव्या." मग म्हणाल्या, "डर तो सबको लगता है. मी भीतीबद्दल काही बोलत नाही. पण ती बाई शिव्या खाऊन गप्प बसलीय. तुझ्यासाठी."

"उद्या अर्जुनीला मोर्चा आहे, मॅडम. मले पुढं बसवून राहिले."

"मला माहीत आहे. मी नाही येणार," मॅडम म्हणाल्या. आणि आईनं आणलेला चहा न घेताच गेल्या.

संध्याकाळी दिव्यानं रूपेशला गाठलं. तो मोर्च्यासाठी भोंगा बांधत होता. तिचं ऐकून त्याच्या हातातली तार खाली पडली.

"आता सांगून राहिली तू?"

"तू व्हिडिओ काढून टाक, भाऊ."

"काढून टाक! लोकं मले दुकानात येऊन विचारतील तं काय सांगू?" तो कुजबुजला, कारण आई आत होती. मग त्याचा आवाज एकदम मऊ झाला, रडवेला. "एकच दिवस, दिव्या. उद्याचा दिवस लंगड. मंग मी सगळं हळूहळू बंद करतो. तुह्या पाया पडतो."

आणि दिव्या लंगडली. यानंतर तिला स्वतःची सगळ्यात जास्त लाज वाटली ती याचीच. अमेरिकेत ती घाबरली होती, विचार करायला वेळ नव्हता. इथं रात्रभर वेळ होता, तरी सकाळी पायाला पट्टी बांधून ती अर्जुनीच्या रस्त्यावरून आईच्या खांद्याचा आधार घेत चालली. मोह वेचायचा टाकून उन्हात आलेल्या बाया, कॉलेजची पोरं, रोजी बुडवून आलेले बापये. रुख्मा नावाच्या म्हातारीनं पदरानं तिचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आमच्या पोरीले असं केलं, आग लागो त्यायले."

तहसीलसमोर टेबलावर चढून उमेंद्र बोलायला लागला. तो तालुक्यातला पुढारी, आवाज मोठा. मार्गोला त्यानं जे म्हणायचं ते म्हटलं. मग अवावर आला. "आनं ते काळी भूत! दोन बॉल..."

लोक हसले.

ते हसू ऐकल्यावर दिव्या उठली. आईचा खांदा सोडून ती टेबलापर्यंत गेली, सरळ, दोन्ही पाय नीट टाकत. पुढच्या लोकांना ते दिसलं आणि कुजबुज सुरू झाली. तिनं उमेंद्रच्या हातातून माइक घेतला. भोंगा किंचाळला.

"तिचं नाव अवा आहे," दिव्या म्हणाली. "तिले काही म्हणू नका. कोच मॅडमनं मले बोलावलं होतं. मीच नाही गेली. पाय दुखते म्हणून खोटं बोलली. पाय चांगला होता. मी भ्याली होती."

तिला वाटलं होतं, बोलल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. माणसं तिच्याकडे बघत होती आणि ती एवढी उंच, की कुणाच्या मागे लपायचीही सोय नव्हती. मागून एक पोरगा मोठ्यानं हसला. रुख्मा म्हातारी उठली, लुगडं झटकलं आणि तिच्याकडे न पाहता चालायला लागली. मग एकेक करून सगळेच उठले. रूपेशची मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला, तो कुणालाही न घेता निघून गेला.

मायलेकी पायी निघाल्या. दुर्पता पुढे, दिव्या मागे. अर्ध्या रस्त्यात आई न वळताच म्हणाली, "मी रोज तेल लावून राहिली होती."

"हो, आई."

"दुखते का म्हणून पुसत होती तं तू थोडंसं म्हणे. मले काऊन नाही सांगतलं? मी का तुले मारली असती?"

आईचा स्वर रागाचा असता तर दिव्याला पेलला असता. तो रागाचा नव्हता, दुखावलेला होता. रात्री आईनं ताट वाढलं, पण शेजारी बसली नाही. कामावरून आलेल्या इतवारीनं सगळं ऐकलं, बिडी पेटवली आणि अंगणातच पडून राहिला.

रूपेशनं व्हिडिओ काढला, पण तोवर दुसऱ्यांनी तो उचलून कुठे कुठे टाकला होता. दिव्यानं मार्गोला लिहिलं. "कळवलंस, बरं झालं. खेळत राहा," असं दोन ओळींचं उत्तर आलं. नीतू मॅडमनी पेपरवाल्यांना बोलावून आपले शब्द मागे घेतले आणि दिव्याला निरोप धाडला, सोमवारपासून सरावाला ये.

अवाला मात्र लिहून सांगणं दिव्याला पटेना. निरोप लिहायची आणि पुसायची. शेवटी रविवारी दुपारी तिनं फोनच लावला. अवाचा चेहरा दिसला, डोक्याला रुमाल बांधलेला, मागे कुणाची तरी बाळं खेळत होती. ती हसून म्हणाली, "पाय कसा आहे?"

दिव्यानं सांगितलं. मोडक्या इंग्रजीत, शब्द चाचपडत, पण सगळं. लोकांनी काय काय लिहिलं तेही.

अवाचं हसू कुठे गेलं ते कळलंच नाही. ती बाजूला बघत म्हणाली, "मला रोज स्वप्नात ते दोन चेंडू दिसतात. मी घरात कुणाशी बोलत नव्हते." आणि मग, "मी रागावलेय. खूप. आता बोलू शकत नाही."

"बरं," दिव्या म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण रडायचा हक्क आपला नाही असं वाटून तिनं ते आवरलं.

"उद्या लाव," अवा म्हणाली आणि फोन बंद झाला.

बाहेर आई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. दिव्या जाऊन तिच्या शेजारी बसली आणि फुलं पसरायला लागली. आईनं तिच्याकडे पाहिलं नाही. पण टोपली थोडी तिच्या बाजूला सरकवली.